टाच, चवडा आणि अकरावं वळण

पार्श्वभूमी

"नाव छापायचं नाही," एवढीच अट त्याने घातली. मी त्याला पहिल्या दिवसापासून 'मालक' म्हणत आलोय, इथेही तेच चालू ठेवतो. मालक पस्तिशीच्या आतबाहेरचा, बालपण वाईत, नोकरी सिलिकॉन व्हॅलीत. वडील, म्हणजे आण्णा, एसटीत चालक होते आणि त्यांची उमेदीची वर्षं पसरणी घाटात गेली. ही माहिती मला सुरुवातीला नुसती कौतुकाची वाटली होती. टाच-चवडा करताना ट्रॅकवर मालकाची गाडी का फिरली, याचं अर्धं उत्तर तिच्यातच होतं, हे फार उशिरा कळलं.

मी पोटापाण्याला वेगळंच काम करतो आणि महिन्या-दीड महिन्यातून एखादा शनिवार-रविवार नवशिक्यांना ट्रॅकवर शिकवतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. नंबर नाही, बक्षीस नाही. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या पट्ट्यात, तोही पुढच्याने हात बाहेर काढून 'जा' म्हटल्यावर. वीस-वीस मिनिटांच्या चार-पाच पाळ्या होतात. नवशिक्याच्या शेजारी प्रशिक्षक बसतो आणि दोघांच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम असतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक असतो, तसा इथे नसतो. तोंड हेच काय ते हत्यार. म्हणून आपण तोंडाने काय बोललो याचा हिशेब मला पुढे द्यावा लागला.

ट्रॅक कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेजवळचा लागुना सेका. १९५७ साली सुरू झालेला, ३.६ किलोमीटरचा, अकरा वळणांचा. जगाला माहीत आहे ते तिथलं कॉर्कस्क्रू. तिथे रस्ता एकदम खाली कोसळतो आणि सगळे फोटो तिथलेच काढतात. माझ्या अनुभवात नवशिक्याची खरी परीक्षा घेतं ते शेवटचं, अकरावं वळण. दहाव्यातून बाहेर पडलं की ब्रेकला जागा थोडीच उरते. वळण डावीकडे, चांगलंच घट्ट, आणि त्यापुढे लगेच सरळ पट्टा. इथून रेंगाळत निघालात तर तो रेंगाळपणा पूर्ण पट्टाभर तुमच्याबरोबर येतो.

गाडी माझदा एमएक्स-५, २०१९ सालची. दोन लिटर इंजिन, १८१ हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना, सहा गिअरचा मॅन्युअल, इंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांपर्यंत जाणारं. वजन हजार किलोच्या थोडं वर. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल सोडलं तर गाडीत काहीही बदललेलं नव्हतं.

तंत्र नेमकं काय

टाच-चवडा म्हणजे ब्रेक दाबून खालचा गिअर टाकताना त्याच पायाने ॲक्सिलरेटरही देणं. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं.

तिसऱ्या गिअरमधून दुसरा टाकला आणि क्लच सोडला, की इंजिनला त्याच वेगाला कितीतरी जास्त फेरे फिरावं लागतं. ते फेरे तुम्ही दिले नाहीत तर चाकं ते जबरदस्तीने ओढून घेतात, म्हणजे मागच्या चाकांना तेवढ्यापुरता ब्रेक लागतो. रोजच्या रस्त्यावर याचा एक झटका बसतो, तेवढंच. ट्रॅकवर मात्र त्याच क्षणी पुढचे ब्रेक करकचून लागलेले असतात. वजन पुढे गेलेलं असतं आणि मागची चाकं हलकी झालेली असतात. हलक्या चाकाला झटका बसला की ते घसरतं. एबीएसचा इथे फारसा उपयोग नाही. तो ब्रेकचा दाब सोडू शकतो, इंजिनने धरलेलं चाक सोडवू शकत नाही.

म्हणून क्लच दाबलेला असतानाच, ब्रेक न सोडता, उजव्या पायाने ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची. आपल्याकडे ज्याला 'रेस देणं' म्हणतात तीच. फेरे वर आले की क्लच सोडायचा. मागच्या चाकांना काही कळतसुद्धा नाही.

'टाच आणि चवडा' हे नाव जुन्या गाड्यांतून आलंय. पूर्वीच्या कित्येक रेसिंग गाड्यांत ॲक्सिलरेटर मध्ये आणि ब्रेक उजवीकडे असे. १९५७ साली फॉर्म्युला वन चालक फँजिओने ज्या माझेराटी २५०एफमध्ये जगज्जेतेपद मिळवलं, तिच्यातही ॲक्सिलरेटर मध्येच होता. आजच्या गाडीत टाच ॲक्सिलरेटरवर न्यायला गेलात तर पाय मुरगळेल. आता चवडा ब्रेकवर ठेवतात आणि पायाची करंगळीकडची कड उजवीकडे लोळवतात. एमएक्स-५चं ॲक्सिलरेटर पेडल तर खाली जमिनीला बिजागरी असलेलं आहे. ते खालच्या टोकाला दाबायला जड जातं, म्हणून तिथे टाच घालण्यात तसाही अर्थ नाही. हे नाव बदललं असतं तर अर्ध्या लोकांचे घोटे वाचले असते असं मला कायम वाटतं.

अडचण

मालकाच्या पहिल्या दोन ट्रॅक दिवसांत आम्ही अकरावं वळण तिसऱ्या गिअरमध्येच काढलं. सुरक्षित, पण बाहेर पडताना इंजिन पार झोपलेलं. मालकाला ते खुपत होतं. पुढचे तीन महिने त्याने ऑफिसला जाता-येता, प्रत्येक सिग्नलला, टाच-चवड्याचा सराव केला. तिसऱ्या ट्रॅक दिवशी आला तो ऐटीत. पार्किंगमधून पिटकडे, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबण्याच्या जागेकडे, येतानाच दोनदा रेस देऊन दाखवली, टॉक टॉक. मीही म्हटलं, "वा मालक, आज दुसरा गिअर."

निर्णयाची पहिली जागा ही होती आणि मी तिच्यावरून सरळ चालत गेलो. त्याने हे कुठे शिकलं, कसं शिकलं, किती ब्रेक दाबून शिकलं, यातलं काहीही न विचारता मी होकार दिला.

पहिली पाळी ठीक गेली. दुसऱ्या वळणावर चौथ्यातून तिसरा गिअर बरा पडत होता. अकराव्यावर मात्र दरवेळी मागून एक हिसका यायचा आणि मालकाचे हात स्टिअरिंगवर दचकायचे. मी इंटरकॉमवर म्हणत राहिलो, "रेस कमी पडतेय. अजून दे. जोरात दे."

दुसऱ्या पाळीच्या चौथ्या फेरीला त्याने जोरात दिली. रेस वर गेली आणि त्याच वेळी ब्रेकवरचा पाय सैल पडला. गाडी पुढे सुटल्यासारखी झाली. मालकाने घाबरून ब्रेक पुन्हा दाबला, तोवर रेस खाली आलेली, आणि डाव्या पायाने क्लच सोडून दिला. गाडी वळणात शिरायला लागलीच होती. मागचा भाग निघाला तो थांबलाच नाही. मी "दोन्ही पाय आत!" एवढंच ओरडू शकलो. फिरायला लागलेल्या गाडीचा हा नियम आहे, क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे. त्याने ते केलं, हे त्याचं श्रेय. गाडी उलट्या तोंडाने ट्रॅकवर उभी राहिली, कशालाही न लागता. मागची गाडी लांब होती.

काळा झेंडा, म्हणजे 'बाहेर या'ची खूण, दिसला, आम्ही पिटमध्ये आलो. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, काय झालं? मालक म्हणाला, "माझी चूक." मी गप्प बसलो. बसायला नको होतं.

नंतर लक्षात आलं की स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी आपणहून सावरणारी यंत्रणा, बंद होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की तो चालू असताना हे तंत्र नीट जमत नाही. पाळीला निघण्यापूर्वी डॅशबोर्डवरचा तो दिवा बघणं माझं काम होतं.

कारण शोधताना

नशिबाने मालकाने पेडलांच्या वर एक छोटा कॅमेरा लावला होता, आणि मोबाइलवरच्या लॉगरमध्ये वेग आणि इंजिनचे फेरे नोंदले जात होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गाडीच्या सावलीत बसून ते बघितलं. मला वाटलं होतं एक कारण सापडेल. तीन सापडली, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली.

सगळ्यात आधी दिसला तो डावा पाय. क्लच दोनदा दाबला जात होता. मी व्हिडिओ मागे घेतला, पुन्हा बघितला.

"मालक, हे डबल क्लच मारताय?"

"हो दादा. आण्णांनी तसंच शिकवलंय. न्यूट्रलला सोडायचा, रेस द्यायची, परत दाबायचा, मग गिअर."

जुन्या एसटीत आणि ट्रकमध्ये सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नसलेल्या गिअरबॉक्सला हे करावंच लागे, नाहीतर गिअर कडकड करत बाहेर फेकला जाई. एमएक्स-५ला त्याची गरज नाही. पण नुसती गरज नाही म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती, कारण डबल क्लचला वेळ लागतो. अकराव्या वळणाची ब्रेकची जागा एवढीशी. तिच्यात हा सगळा कार्यक्रम बसवायचा म्हणून मालक गिअरची सुरुवात फार लवकर करत होता.

किती लवकर, ते लॉगरने सांगितलं. त्याचा क्लच सुटत होता ताशी ९० किलोमीटरच्या आसपास. या गाडीत तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.०३५, दुसऱ्याचं २.९९१. म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना फेरे जवळपास दीडपट व्हावे लागतात. ९०च्या वेगाला तिसऱ्यात इंजिन साधारण ४,५५० फेऱ्यांवर असतं आणि दुसऱ्यात ६,७०० हवेत. तेच ७०ला गिअर टाकला तर ३,५५० वरून ५,२००. पहिल्या उदाहरणात २,१५० फेऱ्यांची उडी, तीही लाल रेषेच्या, म्हणजे इंजिनच्या कमाल फेऱ्यांच्या, जवळ. दुसऱ्यात १,६५० आणि वर भरपूर मोकळी जागा. शिवाय चौथ्यातून तिसऱ्यात जाताना (चौथ्याचं गुणोत्तर १.५९४) फेरे सव्वापटीपेक्षा थोडेच जास्त लागतात. म्हणून दुसऱ्या वळणावर त्याचं बरं चाललं होतं. तिथली चूक छोट्या उडीत लपून जात होती.

गाडी फिरली तेव्हा क्लच सुटला त्या क्षणी फेरे चार हजारांच्या आसपास होते. हवे होते पावणेसात हजार.

तिसरं कारण उजव्या पायात होतं, आणि ते मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. सिग्नलपाशी आपण ब्रेक हलका दाबतो. हलक्या दाबात ब्रेकचं पेडल वरच राहतं, ॲक्सिलरेटर त्याच्या बराच खाली. तीन महिने मालकाचा पाय खाली खोल वाकून ॲक्सिलरेटर शोधायला शिकला होता. ट्रॅकवर ब्रेक जोरात दाबला की पेडल खाली जातं आणि दोन्ही पेडलं जवळजवळ एका पातळीत येतात. तिथे पाय नुसता कडेला लोळवला तरी पुरतं. मालकाचा पाय मात्र सवयीने घोट्यातून वाकायचा आणि वाकताना चवड्याचा दाब सुटायचा. मी "जोरात दे" म्हटलं की तो जास्त वाकायचा. वर पायात जाड, मऊ तळव्याचे पळण्याचे बूट. ब्रेक कुठे संपतो आणि ॲक्सिलरेटर कुठे लागतो ते पायाला कळणारच नाही.

म्हणजे गडबड रेसमध्ये नव्हतीच. ब्रेक सांभाळणारा पाय रेसच्या नादात ब्रेक विसरत होता, आणि मी त्याला आणखी विसरायला लावत होतो.

पर्याय

दुपारच्या दोन पाळ्या उरल्या होत्या. आम्ही बसून काय-काय करता येईल ते मांडलं.

सगळ्यात सोपं म्हणजे अकरावं वळण पुन्हा तिसऱ्यात काढायचं. वेळ जातो, पण कोणाचं काही मोडत नाही. त्या दिवसापुरतं हेच करायचं असं दोघांनी लगेच ठरवलं, त्यात चर्चा नव्हतीच.

दुसरा पर्याय म्हणजे रेस न देता, वेग पुरता उतरल्यावर दुसरा टाकायचा आणि क्लच हळूहळू, घासत सोडायचा. हा मार्ग लोक हसण्यावारी नेतात, पण तो चालतो. मागच्या चाकांना झटका एकदम न बसता पसरून बसतो. क्लच प्लेट झिजते आणि वळणात शिरताना डावा पाय अडकून राहतो, हे दोन तोटे. मी याला 'ताप उतरेपर्यंतची गोळी' म्हणून ठेवलं.

मालकाच्या मनात पेडलावर जोडपट्टी बसवायचं होतं. बाजारात ती मिळते, ॲक्सिलरेटर ब्रेकच्या जवळ आणते. त्यावर आम्ही एक साधी गोष्ट केली. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना, ट्रॅकवर दाबतो तेवढा ब्रेक दाबायला सांगितला आणि मी खाली वाकून बघितलं. पेडलं बऱ्यापैकी एका पातळीत आली होती. (इंजिन बंद ठेवून ही तपासणी करू नये. ब्रेकला बूस्टरची मदत मिळत नाही आणि पेडल खोटंच कडक लागतं.) गाडीत अडचण नव्हती, म्हणजे पैसे खर्चून ती सुटणारही नव्हती. जोडपट्टी मोडीत काढली.

डाव्या पायाने ब्रेक हा सल्ला शेजारच्या गाडीवाल्याने दिला. क्लच मग कोणी दाबायचा, हे विचारल्यावर तो हसत निघून गेला.

एक पर्याय गाडी बदलण्याचाही होता. गिअर पाडताना आपणहून रेस देणाऱ्या मॅन्युअल गाड्या आता बऱ्याच आहेत. निसानने ३७०झेडमध्ये ही सोय आणली त्याला कितीतरी वर्षं झाली, पुढे इतरांनीही आणली. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. मालकाने मान हलवली. "तसं असतं तर ऑटोमॅटिकच नसती का घेतली?"

उरला तो लांबचा रस्ता. सगळं सुटं करून पुन्हा जुळवायचं. त्यात पेच एकच होता. डबल क्लचचं काय करायचं? तो सोडायला मालक मनातून तयार नव्हता. मी तांत्रिक कारणं सांगितली, ती त्याला पटली, पण पाय ऐकेल असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. वडिलांनी शिकवलेली गोष्ट परक्या माणसाच्या सांगण्यावरून सुटत नाही.

निर्णय, आणि आण्णांचा फोन

त्या रात्री आम्ही मॉन्टेरेमध्येच राहिलो. आठच्या सुमारास, म्हणजे वाईत सकाळचे साडेआठ, मालकाने घरी व्हिडिओ कॉल लावला. गाडी फिरली हे सांगायचं नव्हतं. सांगून टाकलं.

आण्णांनी आधी लागलं का विचारलं, मग गाडीला लागलं का विचारलं, मग डबल क्लचचं ऐकून हसले. "आरं, आमचा गिअर पडतच नव्हता म्हणून मारायचो डबल क्लच. तुझा पडतोय ना? मग कशाला हात-पाय झिजवतो?"

प्रश्न तिथेच सुटला. पण ते पुढे जे बोलले त्याने मी सावध झालो. "आन गिअर आधी पाड. उतार लागायच्या आधी. उतारावर गिअर शोधायचा नसतो, सांगितलंय ना तुला?"

भरलेली एसटी घाट उतरत असेल तर हे शंभर टक्के खरं आहे. तिथे गाडीला गिअर धरून ठेवतो आणि ब्रेक तापू नयेत म्हणून राखून ठेवायचे असतात. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, हे घाटातल्या प्रत्येक चालकाला तोंडपाठ असतं. हजार किलोच्या गाडीत, तीन-चार सेकंदांच्या ब्रेकसाठी, ट्रॅकवर हिशेब उलटा होतो. गाडी रोखायला ब्रेक समर्थ आहेत. गिअर लागतो तो वळणातून निघताना. म्हणून तो ब्रेकच्या शेवटी-शेवटी टाकायचा, वेग जवळजवळ उतरल्यावर. मालक लवकर गिअर टाकत होता ते फक्त डबल क्लचला वेळ लागतो म्हणून नाही. 'आधी गिअर' हे लहानपणापासून त्याच्या कानात होतं.

हे मी आण्णांना फोनवर सांगितलं नाही. मालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना सांगितलं. तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे दोघंही बरोबर."

प्रत्यक्षात काय केलं

रविवारी आम्ही टाच-चवड्याला हातच लावला नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल चालू, अकरावं वळण तिसऱ्यात, आणि पूर्ण दिवस एकच काम: ब्रेक एकदा पक्का दाबायचा आणि वळणात शिरेपर्यंत तो दाब सावकाश उतरवत न्यायचा, मध्ये कुठे खड्डा पडू द्यायचा नाही. लॉगरच्या आलेखात वेगाची रेघ गुळगुळीत आली पाहिजे, हाच गृहपाठ. कंटाळवाणं काम. तिसऱ्या पाळीला जमायला लागलं.

नंतरचे दोन महिने तो घरी होता. सीट एक खाच पुढे घेतली, कारण ब्रेक पूर्ण दाबताना त्याचा गुडघा जवळजवळ सरळ होत होता आणि सरळ पायाला घोट्यातून बारीक काम करता येत नाही. पातळ तळव्याचे बूट घेतले. रस्त्यावर टाच-चवडा पूर्ण बंद. फक्त सरळ, मोकळ्या रस्त्यावर, ब्रेकला न शिवता, तिसऱ्यातून दुसरा गिअर आणि मध्ये रेस. क्लच एकदाच. कुठल्या वेगाला किती रेस लागते हे कानाने ओळखायचं. या गाडीत ॲक्सिलरेटरला तार नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे अगदी झटपट टिचकी मारली तर इंजिन तिची दखलच घेत नाही. टिचकी किंचित रेंगाळती द्यावी लागते. हे सांगून कळत नाही, हात-पाय बसावे लागतात.

त्यानंतर एका रविवारी, परवानगी घेतलेल्या रिकाम्या पटांगणावर, पहिल्यांदा दोन्ही गोष्टी एकत्र. मात्र ब्रेक ट्रॅकवर दाबतो तितकाच दाबून. मी बाहेर उभा राहून गाडीचं नाक बघत होतो. रेस देताना नाक वर उचललं गेलं, तर ब्रेक सुटला. पहिल्या वीसेक प्रयत्नांत नाक माना डोलावत होतं. मी 'रेस' हा शब्दच काढायचा नाही असं ठरवलं होतं. फक्त "ब्रेक धर, ब्रेक धर." रेस कमी पडली तरी चालेल, ब्रेक हलता कामा नये. कमी रेसचा झटका, क्लच जरा हळू सोडला तर पोटात घालता येतो. सुटलेल्या ब्रेकला तसा उपाय नाही.

आणि एक मर्यादा घातली. ८०च्या वर दुसरा गिअर नाही, कोणत्याही परिस्थितीत. ८०ला दुसऱ्यात इंजिन सहा हजारांच्या आत राहतं. ११०ला चुकून दुसरा पडला आणि क्लच सुटला तर इंजिन आठ हजारांच्या वर फेकलं जातं, आणि तिथे फेरे मर्यादेत ठेवणारा लिमिटर काही करू शकत नाही. तो फक्त पेट्रोल तोडतो, चाकांनी फिरवलेलं इंजिन तो थांबवणार कसं? मालकाने डॅशबोर्डवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने '८०' लिहिलं.

परिणाम

पुढच्या ट्रॅक दिवशी पहिली पाळी पूर्ण तिसऱ्यात. दुसऱ्या पाळीत दुसऱ्या वळणावर टाच-चवडा, म्हणजे चौथ्यातून तिसरा, छोटी उडी. दुपारनंतर अकरावं. पहिल्या सहा प्रयत्नांत तीन चांगले, दोन थोडे झटक्याचे, आणि एकदा त्याला वेग उतरला असं वाटलं नाही म्हणून त्याने गिअर टाकलाच नाही, तिसऱ्यातच निघून गेला. मला त्या दिवसातली सर्वात आवडलेली गोष्ट तीच. जमत नसेल तर सोडून द्यायचं, हे आधी त्याच्या पायात नव्हतं.

क्लच सुटण्याचा वेग ९०वरून ७२ ते ७५च्या पट्ट्यात आला. फेरीमागे वाचला तो तीन-चार दशांश सेकंद, त्यापेक्षा जास्त नाही. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं कोणी म्हणेल, आणि वेळेपुरतं बोलायचं तर खरंच आहे. फरक पडला तो दुसरीकडे. वळणात शिरताना गाडी शांत राहायला लागली, त्यामुळे मालकाची नजर पेडलांवरून उठून वळणाच्या आतल्या कडेवर गेली. हात दचकणं बंद झालं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूने तीन गोष्टी. नवीन तंत्र घेऊन आलेल्या माणसाला आधी पिटमध्ये उभ्या गाडीत करून दाखवायला सांगायला हवं होतं. डबल क्लच तिथेच, दहा सेकंदांत दिसला असता. दुसरं, निघण्यापूर्वी स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा. आता माझ्या यादीत तो हेल्मेटच्या पट्ट्याच्या लगेच खाली आहे. तिसरं सर्वात जड: हिसका जाणवत असताना मी कारण न बघता उपाय सांगत राहिलो. शेजारच्या सीटवरून मला आवाज ऐकू येतो, पाय दिसत नाहीत. ऐकून निदान केलं आणि चुकीचं केलं. तिसऱ्या हिसक्याला "आता तिसऱ्यातच काढ, पिटमध्ये बोलू" म्हणायला हवं होतं.

मालकाच्या बाजूने रस्त्यावरचा तीन महिन्यांचा सराव. त्याने मेहनत कमी केली नाही. मेहनत चुकीच्या पेडल-उंचीवर झाली. हे त्याला एकट्याला कळायला काही मार्ग नव्हता, आणि त्याने विचारलं असतं तर मीसुद्धा तेव्हा "चांगलंय, कर सराव" असंच म्हणालो असतो, हे कबूल करतो.

एक गोष्ट मी अजूनही ठरवू शकलेलो नाही. नवशिक्याला इतक्या लवकर हे तंत्र शिकवावं का? माझ्या ओळखीचे काही प्रशिक्षक पहिलं वर्षभर हात लावू देत नाहीत. मालकाने रस्त्यावर स्वतःच सुरुवात केली होती, त्यामुळे माझ्यापुढे ते शिकवणं किंवा चुकीचं राहू देणं, एवढंच होतं. अजिबात न शिकलेला माणूस आला तर मी कदाचित थांबायला सांगेन.

गेल्या महिन्यात मालकाने पेडलांवरच्या कॅमेऱ्याचा नवा व्हिडिओ आण्णांना पाठवला, अकराव्या वळणाच्या सलग पाच फेऱ्यांचा. उत्तर आलं ते एका ओळीचं. रेस बरी आहे, पण गिअर पडल्यावर डावा पाय क्लचवरच का टेकवून ठेवतोस, प्लेट जळेल. आम्ही दोघांनी तो व्हिडिओ दहा वेळा तरी बघितला होता. पुन्हा लावला. पाय खरंच क्लचवर होता, पाचही फेऱ्यांत.